कोबाल्टच्या खोलीत माय

कोबाल्ट हा शब्द मी पहिल्यांदा परभणीच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचला आणि दुसऱ्यांदा ऐकला तो वालूरला, आमच्या किराणा दुकानात, अण्णांच्या तोंडून. मधे एक परीक्षा तेवढी गेली होती. पुस्तकात त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं दिलं होतं आणि त्यावर हमखास गणित येतं म्हणून मी ते पाठ केलं होतं. अण्णांनी तो शब्द उच्चारला तो मात्र एखाद्या बड्या अनोळखी माणसाचं नाव घ्यावं तसा, ज्याच्या दारात नाइलाजानं जायचं आहे. पारड्यातली तूरडाळ तशीच ठेवून ते म्हणाले, "नंदे, तुझ्या मायला कोबाल्ट द्यावं लागंल म्हणायलेत डॉक्टर. पाच हप्ते. तू शिकलीस ना त्याचं? काय असतंय ते?"

"किरणं असतात अण्णा."

"ते डॉक्टरबी म्हणाले. पण भाजतंय का?"

पुस्तकात भाजण्यावर एकही गणित नव्हतं.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे तीन खोल्या. गूळ, हिंग आणि करडईच्या तेलाचा वास मागच्या अंथरुणांनाही यायचा. सकाळी जाग यायची ती न्हाणीतल्या पाण्याच्या आवाजानं. माय अंगावरून तांब्यावर तांब्या घ्यायची, थंडीत जरा घाईनं, उन्हाळ्यात सावकाश, पण कमी कधीच नाही. मग कपाळाला विभूती आणि मग पूजा. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात. मायचं लिंग एका चांदीच्या डबीत, शिवदोऱ्यात ओवलेलं, छातीच्या बरोबर मधे असायचं. आंघोळ झाली की ते डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे टक लावून बसायचं. आंघोळीशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय पोटात चहाचा घोटही नाही. तापात फणफणलेली असतानासुद्धा तिनं हे मोडलेलं मी पाहिलं नव्हतं. लिंग अंगावेगळं तर कधीच होत नसे. आज आमच्याच घरातली मुलं ते कपाटात ठेवून बाहेर पडतात, प्रवासात मी स्वतः पर्समध्ये ठेवते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. मायच्या लेखी लिंग अंगावरून उतरणं आणि जीव जाणं यांत फारसं अंतर नव्हतं.

डाव्या बाजूची गाठ तिनं किती दिवस लपवली हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. औरंगाबादच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, जखम भरली. डोळ्यांना न दिसणारं काही मागे राहिलं असेल तर ते मारायला आता किरणं. सोमवार ते शुक्रवार रोज, मधे खंड नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुकान बंद ठेवता येत नव्हतं आणि बाईच्या दुखण्याला बाईच सोबत हवी, म्हणून मी कॉलेजला रजा टाकली. तसंही विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत आमचे तास सुरू किती दिवस आणि बंद किती दिवस, हे सांगणं अवघड होतं. वर्गात काहीजण नामांतराच्या बाजूचे, काहीजण विरोधातले. मोर्चे दोघांचे, बंदही दोघांचे, आणि एस.टी. दोघांनाही थांबायची.

निघायच्या आधी गल्लीतल्या बायका मायला भेटून गेल्या. रशियातल्या अणुभट्टीची बातमी रेडिओवरून आमच्या गावापर्यंत येऊन गेली होती आणि ती प्रत्येकीच्या मनात वेगवेगळ्या आकाराची झाली होती. एकीनं विचारलं, "बाँबमधलंच औषध असतंय म्हणं हे?" दुसरीनं हळूच माझ्याजवळ येऊन, "आल्यावर हिच्या अंगातून निघत राहतेत का गं किरणं?" आमची काकू, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहायची. ती माणसानं चांगली, मायवर जीव टाकणारी. पण तिनंही मांडीवरचं लेकरू जरा मागे ओढून घेतलं. मी कोनाड्यातली बॅटरी आणली, भिंतीवर उजेड पाडला आणि बंद केली. "आता भिंतीत उजेड राहिला का काकू? तसंच हे. बाहेरून पडणार, बंद केलं की संपलं." काकूनं भिंतीला हात लावून पाहिला. मग लेकरू मायच्या मांडीवर दिलं. माझ्या शिक्षणाचा आमच्या गल्लीला झालेला पहिला उपयोग तो.

औरंगाबादला आमच्या समाजाच्या एका मठात आम्हाला एक खोली मिळाली. वातीच्या स्टोवर मी आमटी-भात करायची. पहिले दोन-तीन दिवस घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरायची. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एका लांबलचक बोळाच्या टोकाला, आम्ही त्या खोलीपाशी पोचलो. दारावर पिवळ्या पत्र्यावर ते तीन पात्यांचं चिन्ह. माय थांबली आणि निरखून म्हणाली, "बेलाच्या पानासारखं काढलंय की." ते धोक्याचं चिन्ह आहे हे मला माहीत होतं, पण मी पुढे झाले. दार जाड होतं, ढकलायला जोर लागायचा, आणि आत जाताना भिंतीची जाडी डोळ्यांत भरायची. मला मापांची खोड आहे; मी हात पसरून पाहिला तर भिंत माझ्या हाताहून जाड होती. आत मधोमध एक टेबल आणि त्यावर लोखंडी बाहूला लटकलेलं यंत्राचं गोल, अवजड डोकं. त्या डोक्याच्या आत, शिश्याच्या पोटात, पेरूएवढाही नसलेला कोबाल्टचा ऐवज होता. एवढ्याशासाठी एवढी भिंत. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

यंत्र चालवणारे सलीमभाई जालन्याचे. खिशाला एक छोटी पट्टी लावलेली असायची. त्यांना स्वतःला किती किरणं लागली ते तीवरून कळायचं. ते प्रत्येक बाईला माय नाहीतर ताई म्हणायचे. त्यांनी मायला टेबलावर निजवलं, डावा हात डोक्याच्या वर घ्यायला सांगितला, खोलीतला दिवा मंद केला, आणि यंत्राच्या डोक्यातून तिच्या छातीवर उजेडाचा एक चौकोन पडला. हा उजेड साध्या बल्बचाच. किरणं दिसत नाहीत, म्हणून ती कुठं पडणार हे दाखवायला तो असतो. त्या चौकोनात चांदीची डबी चकाकली.

"माय, हे काढून लेकीजवळ द्या."

माय उठून बसली. पाय टेबलाखाली सोडले. "मंग जाते मी."

"अहो, पाच मिनिटांचं काम हाय. परत घालायचं."

"हे निघत न्हाई भाऊ. जीव निघंल, हे न्हाई."

सलीमभाईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, नागपूरकडच्या, घाईत असूनही घाई न दाखवणाऱ्या. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, "गळ्यातच असावं लागतं का?"

माय म्हणाली, "गळ्यात, दंडावर, डोक्यावर, हातात. बेंबीच्या खाली न्हाई."

"मग उजव्या दंडावर बांधा. उजेडाच्या बाहेर राहिलं की झालं."

"बास," सलीमभाई म्हणाले. "उजेड जिथवर, किरण तिथवर."

मायनं डबी मुठीत घट्ट धरली, मी शिवदोरा गळ्यातून काढून तिच्या दंडाला गुंडाळला, आणि गाठ बसेपर्यंत तिनं मूठ सोडली नाही. मग ती निजली. सलीमभाईंनी चौकोनाच्या कडेनं जांभळ्या औषधाच्या रेघा काढल्या. या रेघांवरच रोज उजेड बसवायचा होता. "माय, पाच हप्ते इथं पाणी न्हाई, साबण न्हाई, तेल न्हाई. रेघ गेली तर सगळंच गेलं." मग आम्ही बाहेर आलो, दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला. आतून दाबलेल्या हवेचा फुस्स असा आवाज आला आणि मागोमाग एक दबका ठोका. कोबाल्ट आपल्या जागेवरून सरकला होता. जाड पिवळसर काचेतून माय दिसत होती. ती एकटी, हलत नव्हती. तिच्यावर काहीही पडताना दिसत नव्हतं. ना उजेड, ना धूर, ना आवाज. मग पुन्हा ठोका, दिवा हिरवा, दार उघडं.

"झालं?" माय म्हणाली. "काईच झालं न्हाई की."

बाहेर आल्यावर बाकावर बसून तिनं बराच वेळ विचार केला आणि मला समजावून सांगितलं, जणू शिकायला तीच गेली होती. "देवाची नजर असती ना नंदे, तशी हाय ती. दिसत न्हाई. पण दुखणं कुटं दडलंय ते तिला बरोबर कळतंय. तिथंच जाऊन मारती." मी हो म्हणाले. तिला धीर येत होता, तो मी कशाला मोडू?

मला धीर दुसऱ्याच गोष्टीनं आला. यंत्राच्या खोलीबाहेर भिंतीला, किरणं किती वेळ द्यायची याचा एक तक्ता लावलेला होता आणि सलीमभाई दर महिन्याला तो बदलायचे. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "माल जुना होत जातो ना. नवा होता तेव्हा ह्याच्या निम्म्या वेळात काम व्हायचं." मी म्हणाले, "म्हणजे हा इथं येऊन सव्वापाच वर्षं झाली." त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला?" कुणीच नाही, पुस्तकातल्या त्या पाठ केलेल्या आकड्यानं सांगितलं. दर महिन्याला सुमारे एक टक्का कमी, म्हणून दर महिन्याला बाईला तेवढं जास्त वेळ निजवायचं. त्या दिवशी बाकावर बसून मला जे वाटलं ते मी आजही नीट लिहू शकेन असं नाही. जगातली कुठलीही गोष्ट घाई करते किंवा रेंगाळते. दूध उतू जातं, गाडी उशिरा येते, जखम भरते किंवा चिघळते. त्या तुकड्याला तापवा, गोठवा, मठात ठेवा नाहीतर बाँबमध्ये. तो आपल्याच हिशोबानं झिजणार, सव्वापाच वर्षांत निम्मा, पुढच्या सव्वापाचात निम्म्याचा निम्मा, आणि झिजून झाल्यावर निकेल होऊन गप्प पडणार. माझ्या मायचं आयुष्य अशा एका गोष्टीच्या हातात होतं जिला मायची काहीच माहिती नव्हती. तरी ती गोष्ट तिला बरं करू शकत होती. परवा नात्यातल्या एकीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिथं कोबाल्ट नव्हताच, विजेवर चालणारं यंत्र होतं आणि सगळं काँप्युटरवर. उत्तमच आहे. पण तिथल्या बाकावर मला तसं काही वाटलं नाही.

माय ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजा करू लागली. कंबरेखाली पाणी, वर फडकं. पूजा व्हायची, पण तिचं तोंड उतरलेलं असायचं. "अर्धीच न्हालेली बाई मी," ती म्हणायची. "देवाला काय दाखवायलेय कुणास ठाऊक." दुसऱ्या आठवड्यापासून त्या चौकोनातली कातडी आधी तांबूस आणि मग तव्यावरच्या भाकरीसारखी काळपट होत गेली. चौकोनाच्या बाहेर एक बोटभरही नाही. कडा इतकी स्वच्छ की मी थक्क व्हायची. भाजतंय का या अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. खाज सुटायची, थकवा इतका यायचा की जेवता जेवता ती डोळे मिटायची. तिला करडईचं तेल लावायचं होतं. तेही मना.

शुक्रवारी दुपारचं आटोपलं की आम्ही रेल्वेनं सेलूला उतरायचो आणि एस.टी.नं वालूरला. रविवारी रात्री परत. तिसऱ्या आठवड्यात मात्र रविवारी संध्याकाळीच एस.टी. बंद झाली. सोमवारी नामांतराचा बंद. सेलूपर्यंत जाणार कसं? सोमवारी सकाळी अण्णा आणि मी दोघंही स्टँडवर जाऊन उभे राहिलो. कुणाची जीप, कुणाचा ट्रक मिळते का बघत. काही मिळालं नाही. एक दिवस बुडणार हे नक्की झालं. त्याच वेळी घरी काय होत होतं ते मला नंतर कळलं.

तो सोमवार श्रावणातला होता. माय वालूरला होती, आपल्या न्हाणीत, आपल्या विहिरीच्या पाण्याजवळ. दवाखाना दूर, तो दिवस तसाही बुडालेला. तिनं डोक्यावरून न्हाऊन घेतलं. शिकेकाई लावून, सगळं. बाहेर आली तेव्हा जांभळ्या रेघा फिक्या पडून जागोजागी पुसल्या होत्या. ती घाबरली आणि काकूला हाक मारली. आता काकूचं असं, की वालूरमध्ये तिच्यासारखी रांगोळी कुणी काढत नसे. लग्नघरी तिला बोलावून न्यायचे. तिनं गल्ल्यातली कॉपिंग पेन्सिल आणली, जिचं टोक ओलं केलं की जांभळं उमटतं आणि जिनं अण्णा पोत्यांवर खुणा करायचे. उरलेल्या रेघांचा माग काढत तिनं चौकोन पुन्हा काढला. आणि काढता काढता तिला दिसलं की आतल्या बाजूची रेघ तिरपी आहे. रांगोळी घालणाऱ्या हाताला तिरपा चौकोन सोसवेल कसा? तिनं तो सरळ केला. चारी कोपरे नीट जुळवले. दुपारी मी घरी आले तेव्हा माय म्हणाली, "काकूनं रेघा जरा उजळून दिल्यात," आणि पदर सरकवला. सलीमभाईंपेक्षा कितीतरी सुबक काम होतं.

"सरळ कशी झाली ही?" मी विचारलं.

"वाकडी होती ती," काकू म्हणाली. "घाईत काढलेली दिसायली. मी नीट केली."

"मी उद्या डॉक्टरांना सांगणार."

मायनं माझा हात धरला. "नंदे, न्हाले म्हणून कळलं तर म्हणतील ही ऐकत न्हाई. उद्या हेबी काढायला लावतील." तिनं दंडावरच्या डबीला हात लावला. "मंग मी टेबलावर चढायची न्हाई, सांगून ठेवते. पाच हप्ते अर्धे ऱ्हायले तर ऱ्हायले. आणि कशाला सांगायचं? चार बोटं इकडं का तिकडं, नजरेला कळत न्हाई का दुखणं कुटं हाय ते?"

अण्णा दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "नंदा सांगंल." संध्याकाळी बंद सुटल्यावर आम्ही निघालो. माय गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली.

मंगळवारी आमचा नंबर लवकर लागला. सलीमभाईंनी तिला निजवलं, हात वर घेतला, दिवा मंद केला, उजेड पाडला. माझं सगळं लक्ष मायच्या चेहऱ्याकडे. आता सांगावं की नंतर बाईंनाच गाठावं? मी तोंड उघडणार तोच सलीमभाई मोजपट्टी लावत पुटपुटले, "आज एक बाजू जुळेना कामून?" त्यांनी टेबल थोडं सरकवलं, पुन्हा पाहिलं.

मायनं छताकडे बघतच विचारलं, "भाऊ, एक विचारू का? ह्याला कळतंय का, दुखणं कुटं हाय ते?"

"कुणाला?"

"ह्या किरणाला."

सलीमभाई हसले. "माय, ह्याला काय कळणार? धातूचा तुकडा हाय. ना ह्याला डोळे, ना कान. उजेड जिथं, तिथं जाणार. चांगलं असो, खराब असो, त्याला सगळं सारखंच. कळायचं काम आपलं."

मायनं वर घेतलेला हात खाली आणला आणि छातीवर आडवा ठेवला, उजेडाच्या मधे.

"मंग थांब भाऊ. ह्या रेघा तुझ्या न्हाईत."

डॉक्टरीणबाई आल्या. माय उठून बसली आणि तिनं सगळं सांगितलं, न विचारता, काहीही न गाळता. न्हाणं, श्रावण, काकू, पेन्सिल. बाईंनी पहिल्या दिवशीच्या आकृतीचा कागद काढला, पट्टी लावून लावून मोजलं आणि आतल्या रेघेवर बोट ठेवलं. "ही दोन बोटं आत आली आहे."

"आत काय हाय?"

"तुमचं काळीज. ती तिरपी होती ती मुद्दाम होती. शक्य तेवढं काळीज बाहेर ठेवायला."

मायनं बाईंच्या बोटाकडे पाहिलं. "म्हंजे आमच्या जाऊबाईंनी काळजापर्यंत आणून ठेवली होती म्हणा की." सलीमभाईंना हसू आवरेना. बाईही हसल्या. मी मात्र उरलेले दिवस मोजत होते. त्या सगळ्या दिवसांत, रोज तेवढा वेळ, ते न दिसणारं आणि न थांबणारं काहीतरी तिच्या काळजावर पडत राहिलं असतं आणि बाहेर येऊन ती म्हणाली असती, काईच झालं न्हाई की.

बाईंनी विचारलं, "पण तुम्हाला सांगितलं होतं ना, पाणी नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. पण न्हाल्याबिगर हातावर लिंग घेता येत न्हाई बाई. अर्ध्या अंगानं किती दिवस घेऊ? तुमचं यंत्र मला बरं करील, पण त्याला माझं काई कळत न्हाई म्हणायलात. ज्याला कळतंय त्याच्यापुढं तरी मला नीट बसायला पायजे का नको?"

बाईंची नजर मायच्या हातावर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट गोंदण होतं. ठिपके, एक तुळस, एक नाव. "हे कधीचं?"

"लेकरपणीचं. गोंदणारीन आली होती दारावर."

"पाण्यानं जातं?"

"मातीत जाईपर्यंत जात न्हाई ते."

बाई सलीमभाईंकडे वळल्या. मग मायला म्हणाल्या, "आमच्याकडेही तसं करता येतं. रेघांच्या ऐवजी सुईनं चार बारीक ठिपके. त्यांवरून रोज चौकोन जुळवायचा. बहुतेक बायका नको म्हणतात, आयुष्यभर राहतात म्हणून."

मायनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "आयुष्यभर राहतेत म्हंजे आयुष्य राहील म्हणायलात ना?"

"त्यासाठीच चाललंय सगळं," बाई म्हणाल्या.

ठिपके बाईंनी स्वतःच काढले. आधी पट्टी, मग आकृती, मग पुन्हा पट्टी. प्रत्येक ठिपक्याला माय फक्त "हं" म्हणायची. शेवटी बाईंनी सांगितलं, चोळायचं नाही, साबण नाही, पण अंगावरून पाणी घ्यायला हरकत नाही. त्या दिवशीचं कोबाल्ट त्यानंतर झालं. काचेतून मी पाहत होते. टेबलावरची माय पहिल्या दिवसासारखीच स्तब्ध होती, पण आज डोळे उघडे ठेवून सरळ यंत्राकडे बघत होती, जशी बाजारात ती अनोळखी दुकानदाराकडे बघायची, त्याच्या मापावर लक्ष ठेवून.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. माझं लग्न, माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. डावा हात कायमचा जड राहिला, त्या बाजूची कातडी चामड्यासारखी घट्ट झाली, पुढे एक कोरडा खोकला मागे लागला आणि डॉक्टर म्हणाले, तो किरणांचाच असावा. किरणांनी दिलं तसं नेलंही, आणि दोन्ही लिहायला हवं. ती ऑपरेशननं बरी झाली की कोबाल्टनं, असं लोक मला विचारतात. मला आकडे आवडतात, पण या प्रश्नाला माझ्याजवळ आकडा नाही.

माझ्याजवळ आहे ती त्या बुधवारची सकाळ. मठाच्या मागच्या अंगणात दगडी न्हाणी होती, वर पत्रा, पुढे गोणपाटाचा पडदा. मी स्टोवर तापवलेलं पाणी बादलीत ओतून दिलं आणि पडद्याजवळ उभी राहिले. मायनं पहिला तांब्या उजव्या खांद्यावरून घेतला, जपून. मग थांबून मान खाली घालून तिनं छातीवरचा ठिपका पाहिला, ओल्या अंगठ्यानं त्यावरून एकदा फिरवून पाहिलं.

"नंदे, इकडं ये. बगलेखालचा मला दिसंना. हाय का बघ."

मी पडदा सरकवून वाकले. काळवंडलेल्या कातडीच्या कडेला, तिळाहून लहान, निळा.

"हाय," मी म्हणाले.

तिनं तांब्या भरला आणि डोक्यावरून ओतला.